पायलोनिडल सायनस: लेझर की फ्लॅप? शुक्रवारच्या आत सांगा

वाटसरू७७: भावाला पायलोनिडल सायनस निघालाय, म्हणजे माकडहाडाजवळ कातडीखाली केस अडकून झालेली पोकळी. एक सर्जन म्हणतात लेझर करा, लगेच घरी. दुसरे म्हणतात, कापून फ्लॅपच करावा लागेल, म्हणजे शेजारची कातडी-मांस सरकवून खड्डा बुजवायचा. शुक्रवारी तारीख कळवायची आहे. गूगल करून झालंय, फक्त अनुभव सांगा.

मधुरा_न: आत्ता पू आहे का? ताप? छिद्रं किती? आधी काही झालंय का? काहीच लिहिलं नाहीत, मग सांगणार काय?

रानवारा: माझा लिम्बर्ग फ्लॅप झालाय. नळी, टाके, पालथं झोपणं, सगळं सोसलं. पण परत झालं नाही. लेझरच्या नादी लागू नका, पैसे पाण्यात.

दर्यावर्दी: असं सरसकट नका हो लिहू. माझं लेझरने झालंय. आधी आतले केस खरवडून काढतात, मग बारीक फायबर घालून तो मार्ग आतून भाजतात. चालणं-फिरणं लगेच सुरू. फक्त नंतर बरेच दिवस पाणी झिरपतं, पॅड ठेवावा लागतो. हे आधी कोणी सांगत नाही.

रानवारा: आणि परत झालं तर?

दर्यावर्दी: परत लेझर करता येतं, नाहीतर फ्लॅप आहेच. आधीच एवढं मांस का कापून घ्यायचं?

सुमनताई: रोज ताक आणि सुरण खायला द्या. आमच्या ह्यांची मूळव्याध त्यानेच गेली.

मधुरा_न: ताई, ही मूळव्याध नाही. माकडहाडाजवळच्या घळीत केस कातडीत घुसून होतं. पोटाशी संबंध नाही.

वाटसरू७७: मागे गळू झालं तेव्हा चिरा देऊन पू काढला होता. आता दोन छिद्रं आहेत, पँटला डाग पडतात. ताप नाही. तो ट्रॅव्हल्सची बस चालवतो.

जीवराज: ड्रायव्हर आहे हे आधी सांगायचं ना! दुसऱ्या महायुद्धात जीपमधून फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हे इतकं झालं की ‘जीपचा आजार’च म्हणायचे. क्षारसूत्राचंही विचारा, म्हणजे औषध लावलेल्या दोऱ्याचा आयुर्वेदिक उपचार.

मधुरा_न: मी सर्जरीच्या वॉर्डात काम करते. दुसऱ्या सर्जनना एकच विचारा: टाके मधोमध येणार की बाजूला? घळीत सरळ मधोमध शिवलं तर परत होण्याचं प्रमाण जास्त. लिम्बर्ग, कारिडाकिस या फ्लॅपच्या पद्धतींत टाक्यांची रेघ बाजूला नेतात. नुसती जखम उघडी ठेवली तर ड्रेसिंग महिनोन्महिने चालू शकतं. पहिल्यांना विचारा, आतले फाटे किती आहेत? मार्ग छोटा, साधा असेल तर लेझर जमतं. फाटे पसरले असतील तर फ्लॅपच बरा. छिद्र गुदाजवळ असेल तर भगंदर नाही ना, हे आधी बघून घ्या. आणि पू साठला असेल तर तो काढल्याशिवाय दोन्ही नको.

वाटसरू७७: पहिले म्हणाले, नंतर पुन्हा लेझरच्या सिटिंग लागतील. म्हणजे तेच ऑपरेशन परत परत?

दर्यावर्दी: नाही, ते केस काढायचं लेझर, वेगळं मशीन. फ्लॅप केला तरी घळीतले केस काढत राहावंच लागतं.

रानवारा: हे मात्र बरोबर. आणि बस किती दिवस बंद ठेवायची, ते दोघांनाही विचारा. मालकाला सांगायला लागेल.

वाटसरू७७: उद्या दोघांनाही फोन करतो. विम्यात लेझर बसतं का, कोणाला माहीत आहे?