मदत हवी आहे: व्हीलचेअरवाल्या मुलाला शाळेत न्यायचं कसं?

नमस्कार मंडळी, माझा मुलगा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही), यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रावर, ७५ टक्के अपंगत्व. शाळा घरापासून ६ किमी. जूनपासून व्हॅनवाले काका नेत होते, पण आता ते म्हणतात ताई मला जमणार नाही, उचलून बसवायला माणूस लागतो आणि बाकीच्या पोरांना उशीर होतो. त्यांचंही चूक नाही म्हणा, एकटा माणूस काय काय करणार. तेव्हापासून रोज रिक्षा, व्हीलचेअर घडी करून मागे कोंबायची, याला मांडीवर धरायचं, जाऊन येऊन माझा अर्धा दिवस जातो आणि आता तो मांडीवर मावतही नाही. शाळेत विचारलं तर म्हणे बस आमची नाही, कॉन्ट्रॅक्टरची आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना वाहतुकीची सोय करावी, जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या मदतनिसालासुद्धा. ते प्रिंट काढून शाळेत दिलं तर उपयोग होतो का, की उगाच वाकडेपणा येतो?

दुसरं, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता मिळतो ना, त्याचा अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यायचा का थेट गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र)? कोणाला मिळाला असेल तर कागद काय काय लागले ते सांगा प्लीज. पुण्यात रॅम्पवाली गाडी महिन्याने ठरवलेली कोणी आहे का? दोन तीन पालक मिळून केली तरी चालेल.