दूध कमी करा, धिरडी सुरू करा
तुमची लेक दीड वर्षाची, भाजी जिभेनेच बाहेर ढकलते आणि दिवसभर दुधावर असते, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी दुधाकडे बघा. या वयात दिवसाला अर्धा लिटरपर्यंत पुरे. त्याहून जास्त गेलं की भूक मरते आणि लोहही कमी पडतं, कारण दुधात ते जवळजवळ नसतंच.

भाजी वेगळी भरवू नका, धिरड्यात घाला. सालाची मूगडाळ तीन-चार तास भिजवून जिरं आणि आल्याचा छोटा तुकडा घालून वाटायची, त्यात किसलेला दुधी नाहीतर बारीक चिरलेला पालक. बिडाच्या तव्यावर तूप सोडून तिच्या तळहाताएवढीच घालायची. कडा नुसत्या लालसर होऊ द्या, कडक नकोत. वरून लिंबाचे दोन थेंब. डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते.

तुमच्या प्रश्नावर कुणीतरी नाचणीसत्त्व सुचवलंय, ते ठीकच. पण गाळताना चोथ्याबरोबर बरंच काही जातं, म्हणून मला नाचणीच्या अख्ख्या पिठाची भाकरी वरणात कुस्करलेली जास्त पटते. शेंगदाण्याचं बारीक कूट चालेल, अख्खे दाणे मुळीच नकोत, घशात अडकतात.

आणि वाटी घेऊन मागे फिरणं घरात सगळ्यांनीच थांबवा, आजींनीसुद्धा. नवी चव कधीकधी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. नको म्हणाली की ताट उचला, परवा तीच भाजी पुन्हा वाढा. वजन वाढत नसेल किंवा ती फिकट दिसत असेल, तर मात्र डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या.