घरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून कॅम्पर ट्रेलरला वीज: केबल, अर्थिंग, आरसीसीबी

रानवाटा:
गाडीमागे ओढायचा १४ फुटी कॅम्पर ट्रेलर दापोलीजवळच्या घरी दीड-दोन महिने उभा राहणार आहे. पडवीत १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आहे. तिथून कॅम्परपर्यंत केबल साधारण २२ मीटर लागेल. कॅम्परमध्ये ०.८ टनाचा इन्व्हर्टर एसी, ३ लिटरचा इन्स्टंट गिझर (३००० वॅट), इंडक्शन शेगडी, १२ व्होल्टचा फ्रिज आणि लिथियम बॅटरीसाठी ३० अँपिअरचा चार्जर आहे. घराचं वायरिंग जुनं आहे, आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळताच वीज तोडणारा स्विच) नाही. दोन प्रश्न आहेत. बाजारातलं रीळवालं एक्स्टेंशन चालेल का? आणि कॅम्परपाशी अर्थिंगचा रॉड ठोकला की काम भागेल का?

फेज_न्यूट्रल:
आधी लोडचा हिशोब. गिझर १३ अँपिअर, इंडक्शन १८०० वॅटवर ८, एसी ४, चार्जर २ ते ३. सगळं एकदम लावलं तर २७-२८ अँपिअर होतात, म्हणजे पॉइंटच्या क्षमतेच्या पावणेदोन पट. गिझर लावला की शेगडी आणि एसी बंद, एवढा एक नियम कॅम्परच्या आत चिकटवून ठेवा. त्यातही जमलं तर गिझर काढून १५ लिटरचा साठवणीचा बसवा. तो २००० वॅटचा असतो, आणि पाणी तापलं की थर्मोस्टॅट त्याला आपोआप बंद करतो.

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर पडत नाही, तो तसाच बनवलेला असतो. २३ अँपिअरवर पडेल, पण त्यालाही तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. तेवढ्या वेळात सैल सॉकेट वितळतं. थ्री पिनवर लागोपाठ तासन्‌तास १२-१३ अँपिअरच्या वर जाऊ नये.

आता केबल. रीळवाली बहुतेक एक्स्टेंशनं १ किंवा १.५ चौरस मिमीची असतात, काही तर ०.७५ची. तांब्याची ३ कोअर, २.५ चौरस मिमीची फ्लेक्सिबल केबल २५ मीटर घ्या. जाण्या-येण्याचा मिळून तिचा रोध ०.४ ओहम भरतो, म्हणजे १३ अँपिअरवर ५ व्होल्ट पडतात आणि तारेत ६८ वॅट उष्णता होते. १.५ मिमीत हेच साडेआठ व्होल्ट आणि ११२ वॅट होतात. सरळ पसरलेल्या केबलमध्ये ही उष्णता हवेत जाते, पण रिळावर गुंडाळलेलीच ठेवली तर मधले वेढे एकमेकांना भाजतात. उरलेली तीन मीटर मोठ्या आठाच्या आकारात सैल टाका.

६ अँपिअरच्या बोर्डात कन्व्हर्जन प्लग घालून १६ची पिन लावणं हा विचारही नको.

पडवीतल्या पॉइंटचं झाकण उघडून मागची तार बघा. जुन्या घरात 'पॉवर पॉइंट' म्हणून १.५ मिमी ओढलेली असते आणि मुख्य बोर्डात ३२चा एमसीबी. तसं असेल तर तार बदलेपर्यंत १० अँपिअरचाच एमसीबी लावा. गिझर विसरा.

जुना_वायरमन:
वरचं सगळं बरोबर, पण माणूस मरतो तो अर्थिंग नीट नसल्यामुळे.

कॅम्पर म्हणजे रबरी टायरवर उभी पत्र्याची खोली. आत एखादी तार घासली गेली की सगळ्या पत्र्यात करंट उतरतो, आणि टायरमुळे तो जमिनीत जात नाही. आतल्या माणसाला काही कळत नाही. अनवाणी पायांनी ओल्या अंगणात उभं राहून जो दाराची कडी धरतो, त्याच्यातून तो जातो.

रॉडचं उत्तर: नुसत्या रॉडने भागत नाही. रॉडचा रोध ५० ओहम धरा, जांभ्यात तो सहज त्याहून जास्त येतो. पत्र्याला २३० व्होल्ट लागले तर रॉडमधून ४.६ अँपिअर जातील. १६चा एमसीबी त्याला ढिम्म हलणार नाही आणि पत्रा तसाच 'जिवंत' राहील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तत्क्षणी पडेल. म्हणून भिंतीजवळ, केबलच्या घराकडच्या टोकाला, आयपी ६५चा (धूळ-पाणी न शिरणारा) डबा लावा. त्यात डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) १६ अँपिअरचा सी कर्व्ह (यंत्र सुरू होतानाच्या झटक्याने न पडणारा) एमसीबी आणि २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, टाइप ए आरसीसीबी. टाइप ए अशासाठी की इन्व्हर्टर एसी आणि चार्जरची गळती शुद्ध एसी (अल्टरनेटिंग करंट) नसते, ती साध्या एसी टाइपला नीट कळत नाही. कॅम्परच्या आतही डबल पोल एमसीबी हवा. खेड्यात फेज-न्यूट्रल उलटं असणं नेहमीचं आहे, आणि सिंगल पोल बंद करूनही आत फेज खेळत राहतो.

आता पडवीतलं अर्थिंग खरं आहे का ते तपासा. मल्टिमीटरने फेज-अर्थ २३० दाखवले म्हणून खूश होऊ नका. मीटरला मायक्रोअँपिअर पुरतात, गंजून तुटायला आलेल्या तारेवरही तो २३० दाखवतो. दुसरी फसवणूक जास्त वाईट: खड्डा न खणता सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडलेलं असतं. ते असं पकडायचं: त्याच पॉइंटवर इस्त्री किंवा हीटर लावा आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज बघा. खरं अर्थिंग असेल तर लोड लागल्यावर तो एक-दोन व्होल्टने वर जातो, कारण न्यूट्रलच्या तारेत व्होल्टेज पडतो. लोड असूनही काटा शून्यावरच असेल तर जोड आहे. मेन बंद करून सॉकेट उघडा.

हा जोड का घातक? मागे कुठे न्यूट्रल तुटला तर कॅम्परमधल्या चालू बल्बमधून फेज न्यूट्रलवर येतो, तिथून जोडातून अर्थच्या तारेत, आणि तिथून पत्र्यावर. जाणारा-येणारा प्रवाह सारखाच असल्यामुळे आरसीसीबीला काही दिसत नाही. आणि अर्थची तार तर तो तोडतच नाही.

घरचं अर्थिंग बोगस निघालं आणि लगेच दुरुस्त होणार नसेल, तर केबलची हिरवी तार डब्यात मोकळी ठेवून तिचं टोक बंद करा आणि कॅम्परच्या चॅसिसला स्वतंत्र रॉड जोडा. दीड-दोन मीटरचा कॉपर बाँडेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड, ६ चौरस मिमीची हिरवी तार, दोन्हीकडे लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचं कडं). जांभ्यात ठोकून जात नसेल तर मोरीचं पाणी जातं तिथे, केळीच्या आळ्याशी जागा शोधा. ओल हवी. मे महिन्यात रोज बादलीभर पाणी ओता. या व्यवस्थेत आरसीसीबी हाच एकमेव राखणदार आहे, तो नसेल तर ही जोडणी करूच नका.

त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. बटण फक्त यंत्र चालतंय एवढंच सांगतं, अर्थिंगबद्दल काही सांगत नाही.

रानवाटा:
आभार. पॉइंटमागे तार २.५चीच निघाली, न्यूट्रल-अर्थ जोड नाही, लोडवर १.४ व्होल्ट आले. सांगितला तसा डबा लावला. पण केबल कॅम्परला जोडताच आरसीसीबी पडतो, आतले सगळे एमसीबी बंद असले तरी. नुसती केबल लावली तर टिकतो.

चाकावरचं_घर:
कॅम्परमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र आले आहेत. आतले एमसीबी सिंगल पोल असले तर ते बंद करूनही न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून ते बंद करून फरक पडत नाही. पहिला संशयित बॅटरीवरचा इन्व्हर्टर. एकट्याने चालताना त्याने न्यूट्रल-अर्थ जोडणं योग्यच असतं, पण बाहेरची वीज आली की तो जोड रिलेने सुटायला हवा. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये तो कायमचा असतो. दुसरा संशयित गिझर. महिनाभर बंद राहिलेल्या कॉइलमध्ये ओल शिरते.

शोधायची पद्धत: केबल काढा, इन्व्हर्टरही बंद. कॅम्परच्या इनलेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये ओहम बघा. शून्याच्या आसपास असेल तर थेट जोड आहे. मग इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या तारा सोडवा, पुन्हा बघा. नंतर गिझरचा न्यूट्रल. ज्याला सोडवल्यावर वाचन वर उडी मारतं तो चोर. ओहममध्ये सगळं स्वच्छ दिसलं आणि तरी पडत असेल, तर फेज-न्यूट्रल एकत्र करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) अर्थशी तपासा. एक मेगओहमच्या खाली आलं की ओल किंवा घासलेली तार. मेगर लावताना चार्जर, एसी आणि इन्व्हर्टर सोडवून ठेवा, नाहीतर त्यांची पीसीबी जाईल.

इन्व्हर्टर दोषी निघाला तर इनलेट आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये डबल पोल चेंजओव्हर बसवा: एक बाजू बाहेरची वीज, दुसरी इन्व्हर्टर, मधे बंद. त्यामुळे दुसरा धोकाही टळतो. चेंजओव्हर नसताना इन्व्हर्टर चालू राहिला तर इनलेटच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट येतात.

रानवाटा:
इन्व्हर्टरच. तारा सोडवल्यावर वाचन अनंत. चेंजओव्हर मागवला. कॅम्परच्या बाजूला कोणता प्लग ठेवावा? आणि व्होल्टेजचं काय, रात्री इथे २६० जातं.

फेज_न्यूट्रल:
निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट, १६ अँपिअर, तीन पिनांचा, आयपी ४४ (उडणारं पाणी सोसणारा). कॅम्परवर पिना असलेला इनलेट, केबलच्या टोकाला भोकं असलेला कनेक्टर. कोणी दोन्हीकडे पिना असलेली केबल बनवून देत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

जोडताना आतला मेन बंद, आधी कॅम्परकडचं टोक, मग भिंतीकडचं, मग डब्यातला एमसीबी, शेवटी आतला मेन. काढताना उलट. पहिल्या दिवशी गिझर अर्धा तास चालवून पिन हाताने बघा (आधी स्विच बंद!). कोमट चालेल, चटका बसत असेल तर सॉकेटच्या पट्ट्या सैल आहेत. घासून उपयोग नाही, सॉकेट बदला.

व्होल्टेजसाठी डब्यातच डिन रेलवरचा (एमसीबीच्या पट्टीवरच बसणारा) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या. खाली १८०, वर २६५, परत चालू व्हायला १८० सेकंद. ही तीन मिनिटं एसीच्या कॉम्प्रेसरसाठी. खांबावर न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, तेव्हा हाच चार्जर आणि एसी वाचवतो. घराच्या इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पॉइंटला कॅम्पर लावू नका, एका बॅटरीने दुसरी भरत बसाल.

जुना_वायरमन:
पावसाआधी दोन गोष्टी. केबल कनेक्टरपाशी खाली झुकती सोडा, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळेल, इनलेटमध्ये शिरणार नाही. आणि अंगणात ती एचडीपीई पाइपातून न्या. उंदरांना पीव्हीसी आवडतं.