मदत हवी आहे: जर्मनीत नर्सच्या मान्यतेसाठी परीक्षा की आनपासुंग (काम करत घ्यायचं प्रशिक्षण)?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. सध्या श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात आहे. जर्मन भाषेची बी२ पातळी झालीय, पण नर्स म्हणून मान्यतेऐवजी, माझ्या शिक्षणात इथल्या तुलनेत काय कमी आहे ते सांगणारं त्रुटींचं पत्र हातात आलंय. त्यामुळे हुद्दा आणि पगार मदतनिसाचा, आणि क्लाससाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता चालूच.

केंटनिसप्रुफुंग (मान्यतेसाठीची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा) दिली तर लवकर सुटका, पण नापास झाले तर एकदाच पुन्हा बसता येतं. आनपासुंगमध्ये वॉर्डात काम करत शिकायचं, शेवटी परीक्षेऐवजी संभाषण. मात्र वेळ जास्त जातो. तोंडीची मला भीती नाही, प्रात्यक्षिकाची आहे. आपल्याकडे पेशंटची अंघोळ, भरवणं बहुतेक घरचे करतात, आपण सलाईन-इंजेक्शन बघतो. इथे अंगपुसणी हेही नर्सचंच काम. आजोबांना स्वतःचं तोंड स्वतः पुसू द्यायचं, आपण फक्त पाठ आणि पाय घ्यायचे, आणि तेवढ्यात टाचेवर लाली (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात) आलीय का ते बघायचं. हे मला मनापासून पटलंय, पण परीक्षक बघत असताना हे सगळं जर्मनमध्ये बोलत करायचं आणि शुश्रूषेचं नियोजन लिहून द्यायचं, हे अवघड जातं. त्यात ड्युटी बदलताना रिपोर्ट अस्सल श्वेबिशमध्ये (इथली बोलीभाषा) देतात, अर्धा डोक्यावरून जातो.

दुसरा प्रश्न नवऱ्याचा. तो आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. इंटिग्रेशन कोर्सला (नव्याने आलेल्यांसाठी: 600 तास भाषा, 100 तास देशाची ओळख) जागा मिळतेय, पण गोदामात लगेच कामही मिळतंय. हप्त्यांमुळे त्याचा ओढा गोदामाकडे. मला ते नको वाटतं, भाषा राहूनच जाईल. 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांना परत जाणारे पाहुणेच समजलं गेलं, भाषा शिकवण्याकडे फारसं लक्षच दिलं गेलं नाही. त्या पिढीतल्या आजी आमच्याकडे ॲडमिट होतात तेव्हा कुठे दुखतंय हे त्यांच्या वतीने लेकीला आम्हाला सांगावं लागतं.

तर, परीक्षा किंवा आनपासुंग यांपैकी एक केलेल्यांनी कृपया सांगा: प्रात्यक्षिकाची तयारी कशी केलीत? श्वेबिश कानावर बसायला काय उपयोगी पडलं? आणि अर्धवेळ काम करून इंटिग्रेशन कोर्स पूर्ण केलेलं कुणी आहे का? महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग (श्टुटगार्ट ज्यात येतं ते राज्य) यांच्या 2024 च्या करारामुळे यायच्या तयारीत असलेल्यांनाही तुमची उत्तरं कामी येतील.