मदत हवी आहे: पूर्ण हजेरीच्या प्रमाणपत्राऐवजी काय द्यावं?

आमच्या माध्यमिक शाळेत सत्राच्या शेवटी गुणगौरव कार्यक्रम होतो. त्यात पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्रही असतं आणि तिथेच गाडं अडलंय. तापात दोन दिवस बुडाले की मूल बाद. मग उरलेलं सत्र नियमित यायचं कशाला, असं त्याला वाटतं. काही जण तर अंगात कणकण असताना बाकावर डोकं टेकून बसतात, पण घरी जायला तयार होत नाहीत. हे मला अजिबात पटत नाही.

दर महिन्याला नव्याने मोजणी करून पाहिली, तरी नावं तीच तीच येतात. वर्गावर्गांत चुरस लावली, तर वारंवार गैरहजर राहणाऱ्यांना बाकीचे टोचून बोलायला लागले; ती लगेच थांबवली. पालकांशी बोलणं चालूच आहे. २०० दिवसांत २० बुडाले तरी हजेरी ९०% दिसते, हे सांगितलं की बरेच जण चमकतात.

आता हजेरी सुधारलेल्यांचं कौतुक करायचा विचार आहे. महागडी बक्षिसं नकोत आणि कुणाच्या आजारपणाची चर्चाही नको. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: सुधारणा मोजताना आजारपणाची रजा वगळता का? आणि आधीपासून नियमित येणाऱ्यांना डावलल्यासारखं वाटू नये म्हणून काय करता?