मदत हवी: नाथसागरच्या काठावर चाच्यांचा खजिना, पण पाखरं उठायला नको

मंडळी, आमच्या गल्लीतली लेकरं सध्या समुद्री चाच्यांच्या नादी लागलीयेत. मराठवाड्यात समुद्र कुठून आणायचा, मग जायकवाडी धरणाचं बॅकवॉटर, म्हणजे आपला नाथसागर सुचला, तिथं पलीकडचा काठ दिसत नाही म्हणजे लेकरांसाठी समुद्रच. थंडीत एका रविवारी काठाकाठानं ट्रेझर हंट घ्यायचाय, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला नकाशा, डोळ्यावर पट्टी, कवटीचा झेंडा, सगळं.

पण हे 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. डिसेंबर-जानेवारीत पट्टकदंब, चक्रवाक उतरलेले असतात, आणि खजिना दिसला की लेकरं बोंबलणार हे नक्की. हिमालय ओलांडून आलेलं पाखरू, त्याला चरता चरता उठवायचं माझ्याच्यानं होणार नाही. लेकरांचा हट्ट असा की खजिना पुरलेलाच पाहिजे, आणि मला तिथं खड्डा करायचा नाही की झाडाला चिठ्ठ्या बांधायच्या नाहीत, कारण एखादी तरी मागं राहतेच. पाणी उतरलेल्या जागी गाळपेऱ्याची शेतं असतात, त्यात पोरं घुसली तर कुणाचातरी हरभरा तुडवला जायचा.

काही न पुरता, न लटकवता कोडी कशी करावीत? कुणी केलंय का असं?

प्रतिसाद १: ताई, कोडी पाखरांतच आहेत की. चाच्याकडं दुर्बीण असतेच, प्रत्येक टोळीला एक द्या. शेकाट्याचे पाय कोणत्या रंगाचे? गुलाबी, मग नकाशावरची गुलाबी वाट धरायची. पट्टकदंबाच्या डोक्यावर काळे पट्टे किती? 2, हा खजिन्याच्या पेटीच्या नंबरच्या कुलुपाचा एक आकडा. पेटी गाडीतच ठेवा. जो ओरडला त्याची टोळी एक कोडं मागं, हा नियम आधीच सांगा. झेंडा मात्र घरीच फडकवा आणि कपडे मातकट रंगाचे घाला. वनविभागाची परवानगी आधी काढा.

प्रतिसाद २: गाळाकडं लक्ष द्या. वरून वाळून भेगा पडलेल्या दिसतात पण खाली चिखल असतो, पाय रुतला की लेकरू घाबरतं. पाण्यापासून लांब, मळलेल्या वाटेनंच न्या. आणि डोळ्यावरची पट्टी चालताना नको, फोटोपुरती.

धागाकर्ती: दुर्बिणीचं लैच आवडलं, कुलूप आजच बघते! आता एकच राहिलं, पाच-सहा वर्षांच्या बारक्यांना दुर्बीण धरता येत नाही. वाटेवरच्या ओल्या मातीत पायाचे ठसे ओळखायला लावले तर जमेल का, बदकाचा पडद्याचा पाय आणि बगळ्याची लांब बोटं एवढं कळेल त्यांना? ठशांची चित्रं कुणाकडं असतील तर टाका ना.