गोव्यातल्या हणजुण्याच्या खडकावरचं समुद्री शेवाळ गाईंना द्यावं का?

सत्तरीतला गोठा: संकरित गाय, 10 लिटर दूध. हे शेवाळ, म्हणजे सारगासम, वाळवून सरकी पेंडेत मिसळलं तर गॅस कमी होऊन पचन सुधारेल का? किती द्यायचं?

रवंथ: दादा, मिथेन, म्हणजे गाईच्या पोटातला गॅस, थांबवणारं शेवाळ वेगळं: लाल रंगाचं अ‍ॅस्परॅगॉप्सिस. त्यातलं ब्रोमोफॉर्म कोठीपोटातल्या मिथेन करणाऱ्या जंतूंचं शेवटचं एन्झाइम अडवतं. ते उडून जातं, म्हणून उन्हात वाळवलेल्या मालाचा भरवसा नाही. सारगासम तपकिरी, त्यातली टॅनिनं प्रथिनांना धरून ठेवतात. जास्त झालं की पेंडेचं प्रथिन सरळ शेणात!

चारा-पाणी: खरी अडचण शेवाळातल्या आयोडीनची. गाय दिवसाला 12 किलो कोरडा चारा खाते असं धरा. युरोपात दुभत्या जनावरांच्या खाद्यात आयोडीनची मर्यादा किलोला 5 मिलीग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण 60. तुमच्या पावडरीत किलोला 500 मिलीग्रॅम निघालं, तर 120 ग्रॅममध्येच मर्यादा संपली. मिनरल मिक्श्चरमधलं वेगळंच. हे आयोडीन दुधात उतरतं. आर्सेनिकचीही तपासणी हवी.

रवंथ: अहवाल बरा आला तरच: गोड्या पाण्यात तीनदा धुवा, वाळू तळाशी बसू द्या, सावलीत कडकडीत वाळवून दळा. ओलसर राहिलं की बुरशी. दिवसाला 20 ग्रॅमपासून सुरुवात, दोन आठवडे हळूहळू वाढवा, जंतूंना सवय लागायला वेळ लागतो. शेण पातळ झालं किंवा गव्हाणीत पेंड उरू लागली की बंद. गटाराच्या तोंडाजवळचं तर उचलूच नका.

सत्तरीतला गोठा: मग आधी तपासणी. तोवर मुरघासच बरा.